बांधावरचं पीस आणि आमचा हरभरा



पीस ही आपल्या लोकांना परकी वस्तू नाही. आपल्या दिगंबर मुनींच्या आणि आर्यिका माताजींच्या हातात मोरपिसांची पिच्छी असते. बसण्याआधी जागा पुसायची, कमंडलू ठेवण्याआधी जमीन झाडायची, कुशीवर वळण्याआधी पाटावरून पिच्छी फिरवायची. पिच्छीचे पाच गुण लहानपणी पाठशाळेत सगळ्यांनीच पाठ केले असतील: ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असते, नाजूक असते आणि हलकी असते. पावसाळ्याच्या शेवटी मोर आपली पिसं आपणहून टाकतो, ती वेचून पिच्छी बांधतात. चातुर्मास संपल्यावर पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो, आणि जुनी पिच्छी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाच्या घरी जाते. श्वेतांबर मैत्रिणींकडे हेच काम लोकरीचा ओघा करतो.

आपल्या आचार्यांच्या नावांतसुद्धा पिसं आहेत. तत्त्वार्थसूत्राचे कर्ते उमास्वामी यांना गृध्रपिच्छ म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. मोरपिच्छी जवळ नसताना त्यांनी गिधाडाची पिसं वापरली, अशी कथा आहे. श्रवणबेळगोळच्या शिलालेखांत त्यांच्या शिष्याचं नाव बलाकपिच्छ असं आहे. बलाक म्हणजे बगळ्या-करकोच्याच्या जातीतला पक्षी. म्हणजे कोणतं पीस कोणत्या पक्ष्याचं, हे ओळखणारी माणसं आपल्याकडे तेव्हाही होती. ती ओळख नावात टिकली, घराघरातून मात्र गेली. मोरपीस सोडलं तर बाकी सगळी पिसं आपल्यासाठी नुसती 'पिसं' असतात, आणि ती केरसुणीने बाहेर जातात.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या ओट्यावर एक पीस आलं, आणि ते कोणाचं हे कळल्याशिवाय घरातला एक निर्णय होईना.

आमची थोडी जमीन उजनीच्या पाण्याकडेला आहे. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि यशवंतसागराचं पाणी भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरलं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. आमचा जिरायती तुकडा त्याच काठाचा. हे दुकान बघतात, त्यामुळे जमीन वाट्याने दिलेली आहे. वाटेकरी आबा सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. निम्मं पीक त्यांचं, निम्मं आमचं. त्या वर्षी चाळीस गुंठ्यांत हरभरा आणि थोडा गहू होता. पेरणी उशिरा झाली होती, त्यामुळे डिसेंबरमध्ये पीक अजून कोवळं होतं.

आबा सकाळीच आले. आत आले नाहीत, ओट्यावरच उभे राहिले आणि टोपीखालून एक लांब पीस काढून फरशीवर ठेवलं.

"वैनी, ह्यो बघा चोर. रोज रातच्याला येत्यात. पाण्याकडची समदी पट्टी खाऊन टाकली."

मग आवाज खाली करून म्हणाले, "दाण्याला औषध लावून टाकतो. दोन दिसांत इषय मिटंल. तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय मला. तुमी कुणी हात लावू नका. निस्तं व्हय म्हना."

शेतीवाडी असलेल्या आपल्या प्रत्येक घरात हा प्रसंग कधी ना कधी येतो. उंदीर, घुशी, वाळवी, रानडुक्कर, काही ना काही. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी भला माणूस म्हणतो, तुम्ही फक्त हो म्हणा. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कोणी केलेल्याला मान मोडून संमती देणं, या तिन्हींचा बंध सारखाच. कृत, कारित, अनुमोदना. आबांना आमच्याकडून तिसरी गोष्ट हवी होती. पण त्यांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घरी सात माणसं. निम्म्या वाट्यातून वर्षाची डाळ, बेसन आणि मुलीच्या कॉलेजची फी निघायची. दुकान चालू असलेल्या घरात बसून "अहिंसा परमो धर्म" म्हणणं सोपं असतं, त्याची किंमत आबांनी का भरावी?

घरात दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, की गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सुटत नाही, पीक राखणं हा त्यातलाच भाग. सासूबाई माळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "विरोधी हिंसा अंगावर चालून येणाऱ्याशी. हे पाखरू तुझ्या अंगावर आलंय का? भूक लागली म्हणून आलंय. आणि बसून, विचार करून, दाण्याला विष चोळायचं, हा संकल्प नाही तर काय?" श्रावकाने सोडायची ती हीच संकल्पी हिंसा. आरंभी आणि उद्योगी हिंसा चुली-शेतीत होतेच, ती कमी करत राहायची. पण संकल्पाला सूट नाही.

इथवर धर्माचं झालं. पण धर्माने निर्णय दिला तरी हरभरा वाचत नव्हता. मी आबांना म्हटलं, "आबा, दोन दिवस द्या. आधी हे पीस कोणाचं ते बघू."

त्यांना ते नवल वाटलं असावं. पण माझं म्हणणं सरळ होतं. चोर कोण हे माहीत नसताना शिक्षा कोणाला आणि उपाय कोणता? आपण बायका डाळ निवडताना खडा, किडका दाणा आणि चांगला दाणा वेगळा करतो. पाणी गाळतो, पीठ चाळतो. ओळखून वेगळं करणं हे आपलं रोजचं काम. इथे तेच करायचं होतं.

पीस घरात आणायचं नाही, हे सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. शुद्ध स्वयंपाकाच्या घरात ते बरोबरच, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही बरोबर. पक्ष्यांच्या पिसांत उवा असतात, बर्ड फ्लूसारखे रोगही असतात. म्हणून ओट्यावरच कागदावर ठेवलं. भाच्याच्या दप्तरातली पट्टी आणली.

पहिली गोष्ट लांबी. २८ सेंटीमीटर भरली, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षा जरा कमी. तेवढ्यावरून कितीतरी पक्षी बाजूला झाले. पारवा, होला, साळुंकी तर गेलेच, पण काठावर कायम दिसणारं हळदी-कुंकू बदकही गेलं, त्याच्या पंखाचं पीस एवढं लांब नसतं. पक्षी मोठा होता.

दुसरी गोष्ट आकार. पिसाच्या मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती असते. शेपटीच्या मधल्या पिसांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात. याची एक बाजू बोटाच्या पेराहून अरुंद आणि कडक, दुसरी चांगली रुंद. असं असमान पीस पंखाच्या टोकाकडचं, उडताना हवा कापणारं. अरुंद बाजू पुढे वाऱ्याकडे असते. शिवाय टोकाकडे अरुंद पाती एकदम आत गेली होती, कात्रीने खाच घेतल्यासारखी. ही खाच मोठ्या पक्ष्यांच्या बाहेरच्या उड्डाणपिसांत दिसते. पंख पसरला की टोकं बोटांसारखी सुटी होतात ती तिच्यामुळे.

तिसरी गोष्ट रंग. बुडाकडे फिकट राखाडी, चुलीतली राख चाळल्यावर दिसते तसा, आणि टोकाचा भाग काळपट. दांडा बुडाकडे पांढरट. आता आमच्या पाण्यावरचे मोठे पक्षी एकेक करून समोर ठेवले. रोहिताची उड्डाणपिसं काळी असतात, राखाडी बूड नसतं. चित्रबलाकाची काळी, हिरवट झाक असलेली. उघड्या चोचीच्या करकोच्याचीही काळीच. राखी बगळ्याची सगळी एकसारखी गडद पाटीच्या रंगाची. चक्रवाकाची काळी, आणि तो आकारानेही लहान. घारीच्या पिसावर तपकिरी आडवे पट्टे असतात. मोराच्या पंखाची तांबूस, लांडोरीची तपकिरी. फिकट राखाडी बूड आणि काळं टोक यांतल्या कोणाचंच नव्हतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. पीस उलटं करून उन्हात तिरकं धरलं, तर दांड्यालगत मेण चोळल्यासारखी चकाकी दिसली. बदकं आणि हंस यांच्या मोठ्या पिसांच्या खालच्या बाजूला ही चकाकी ठळक असते. तिथले तंतू रुंद होऊन एकमेकांवर कौलांसारखे बसतात, त्यामुळे पंख फडफडताना हवा आरपार जात नाही. पाती बोटांनी विसकटली तर फाटते, आणि पुन्हा बोटं फिरवली की चेन लागावी तशी जुळते. तंतूंना बारीक आकडे असतात. पक्षी दिवसभर चोचीने हेच करत बसतो.

मोठं पीस, राखाडी बूड, काळं टोक, खाली हंसाची चकाकी. उरला एकच. हिवाळ्यात आमच्या पाण्यावर येणारा पट्टकदंब हंस. डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे असतात म्हणून पट्टकदंब. काही गावांत त्याला राजहंसच म्हणतात. शास्त्रीय नावही आपल्या देशाचं आहे, अ‍ॅन्सर इंडिकस. त्याच्या नात्यातला दुसरा रानहंस म्हणजे कलहंस, तो आमच्याकडे क्वचितच येतो, आणि त्याची उड्डाणपिसं जास्त गडद असतात.

तरी एका पिसावर पक्कं म्हणायचं नाही, हे आपल्याला स्याद्वादाने शिकवलंय. पीस एका अंगाने बोलतं. दुसऱ्या अंगाने शेत बोलायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि हे आबांबरोबर शेतावर गेलो.

शेताने साक्ष दिली. पाण्याकडच्या पट्टीत हरभऱ्याचे शेंडे वरून खुडलेले होते. रानडुकराने जमीन उकरली असती. सशाने रोप तिरकं कापून लेंड्या टाकल्या असत्या. इथे जमीन जशीच्या तशी, मऊ चिखलात तीन बोटांची पडदा असलेली पावलं, आणि हिरवट, सुरळीसारखी शीट. अर्धं गवतच. उजाडलं तसं समोरच्या पाण्यावर ते दिसलेही. पन्नास-साठ असतील. राखाडी अंग, पांढरं डोकं, दुर्बिणीतून दोन काळे पट्टे स्पष्ट. हे म्हणाले, "किती शांत बसलेत." आबा म्हणाले, "रातभर खाल्ल्यावर शांतच बसनार."

मला तिथे हसू आलं, आणि आपल्या प्रवचनातला हंस आठवला. दूध आणि पाणी वेगळं करणारा. भेदविज्ञान सांगताना महाराज त्याचंच उदाहरण देतात, तसा देहापासून आत्मा वेगळा ओळखावा. खरा हंस मात्र दूध पीत नाही. तो गवत, कोवळा गहू आणि हरभरा खातो. दृष्टान्त आपल्या जागी खरा, पण समोरच्या जिवाला दृष्टान्त समजून चालत नाही. त्याला पोट असतं.

आता या हंसाची गोष्ट ऐका. हे पक्षी मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तान आणि आपल्या लडाखच्या उंच सरोवरांच्या काठी अंडी घालतात. थंडी पडली की हिमालय ओलांडून खाली येतात. अंगावर छोटी यंत्रं बसवून संशोधकांनी त्यांचा माग घेतला, तेव्हा सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची मिळाली. कळसूबाईच्या चौपटीहून जास्त. एरवी ते बहुतेक वेळ ५,५०० मीटरच्या खालीच राहतात, डोंगर जसा चढेल-उतरेल तसे तेही वर-खाली होत जातात. त्यांचं रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरतं, फुप्फुसंही मोठी असतात. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये येतात आणि मार्चपर्यंत परत जातात.

पण या माहितीतच एक काळजी दडलेली होती. हंस आपली उड्डाणपिसं उन्हाळ्यात, पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत, एकदमच टाकतात. तेव्हा महिनाभर त्यांना उडताच येत नाही. नवी पिसं पूर्ण वाढली की मगच ते दक्षिणेकडे निघतात. म्हणजे ओट्यावरचं हे पीस तिकडेच कुठेतरी उगवलं होतं, आणि हिमालय ओलांडून आलं होतं. आणि म्हणजेच डिसेंबरमध्ये ते नियमाने गळायला नको होतं. अंगावरची लहान पिसं थंडीतही पडतात. पंखाचं मोठं पीस पडतं ते ओढाताणीत, आपटून, कुत्र्या-कोल्ह्याच्या झटापटीत, किंवा कोणी पक्षी धरला तर.

मी आबांना विचारलं, "आबा, नेमकं कुठे सापडलं?" त्यांनी बांधावरचं तारेचं कुंपण दाखवलं. मी अवतीभवती सगळं फिरून पाहिलं. शिकार झाली असती तर पिसांचा ढीग असता. कोल्ह्याने खाल्लं असतं तर पिसांचे देठ चावून तुटलेले असते. फासा किंवा जाळं असतं तर दोरीचा तुकडा, रक्त, काहीतरी असतं. काही नव्हतं. आमच्या पिसाचा देठ टोकापर्यंत अखंड आणि स्वच्छ होता. अंधारात उतरताना एखादा हंस तारेला अडखळला असेल, इतकंच म्हणता येत होतं. त्यापुढे पीस बोलत नव्हतं, आणि मीही बोलले नाही. पण आबांनी माझी नजर ओळखली असावी. ते म्हणाले, "वैनी, अजून दाणं टाकलं न्हाईत. इचारायला आलतो." मी म्हटलं, "म्हणूनच तर इचारलंत ते बरं झालं."

मग उपायाचं बोलणं झालं. पक्षी कळल्यामुळे ते सोपं झालं. हंस चरतो रात्री आणि पहाटे, दिवसा पाण्यावर असतो. म्हणजे दिवसभर राखण नको, संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा पुरे. तो बिचकणारा पक्षी आहे, बॅटरीचा झोत आणि पत्र्याच्या डब्याचा आवाज त्याला पुरतो. तो पाण्यावरून चालत किंवा मोकळ्या रानात उतरून येतो, म्हणून पाण्याच्या बाजूने काठ्या रोवून चमकणाऱ्या रिबिनी बांधायच्या. जाळं नको, त्यात पाय अडकतात. कुंपणाच्या वरच्या तारेलाही रिबिनी बांधल्या, म्हणजे अंधारात ती दिसेल. आणि विषाचे दाणे टाकले असते तर? ते आधी होल्यांनी, चिमण्यांनी, तितरांनी खाल्ले असते, मेलेली पाखरं कुत्र्यांनी खाल्ली असती, आणि उरलेलं पाण्यात गेलं असतं, जे पाणी आपणच गाळून पितो. पट्टकदंबाला मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.

राहिला आबांचा वाटा. तो मुद्दा सासूबाईंनीच मिटवला. संध्याकाळच्या आरतीनंतर त्या मला म्हणाल्या, "वही काढ. पाण्याकडची सहा गुंठ्यांची पट्टी आपल्या नावावर लिही. ती पाखरांची. आबाचा वाटा चाळीस गुंठ्यांचा धर, पट्टीत काही पिको न पिको." हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रिबिनीची रिळं त्यांनीच आणली.

मला तेव्हा वाटलं, की आपण जीवदयेला पैसे देतो ते पांजरपोळात, पक्ष्यांच्या दवाखान्यात. दिल्लीच्या लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखाना तर जगाला माहीत आहे. ती मोठीच गोष्ट. पण जीवदयेची किंमत आपल्या वाटेकऱ्याच्या ताटातून जात असेल, तर ती आपली दया नाही, त्याची आहे. आपण फक्त नाव घेतो.

थोड्या गोष्टी गणितानेही सुटल्या. हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःच खुडतो. डिसेंबरात कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि शेंडा खुडला की झाड बाजूने फुटतं. पट्टीतली जी रोपं मुळासकट उपटली गेली ती गेली, पण नुसते शेंडे खाल्लेली बरीच रोपं नंतर फुटली. पट्टीत पीक निम्म्याहून थोडं जास्त आलं. वरच्या चौतीस गुंठ्यांत नुकसान जवळजवळ नाही. वहीत आमच्या बाजूला दोन पोती कमी लिहिली गेली. आबांचा वाटा पूर्ण गेला.

पिसाचं काय केलं, हे दोघी-तिघींनी फोनवर विचारलं. भाच्याला ते पुस्तकात ठेवायचं होतं. पण वन्यजीव कायद्याच्या 'ट्रॉफी'च्या व्याख्येत पीससुद्धा येतं. मोराच्या शेपटीच्या पिसांना जी सवलत आहे ती बाकी पक्ष्यांना नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, न दिलेली वस्तू घ्यायची नाही हा आपला नियम आहेच. भाच्याला समजावलं. फोटो काढला, माप लिहून ठेवलं, आणि पीस आबांबरोबर परत पाठवलं. त्यांनी ते काठावरच्या बाभळीखाली ठेवलं.

तुमच्याकडे असं पीस आलं तर काय करावं, तेही लिहिते. घरात आणू नका, तिथेच पट्टीशेजारी ठेवून वरून आणि खालून असे दोन फोटो काढा. देठ नीट दिसू द्या. जागा आणि तारीख लिहा, कारण हिवाळी पाहुणा की कायमचा रहिवासी हे तारखेवरून कळतं. आधी लांबी बघा, मग दोन्ही पाती समान की असमान, मग रंग बुडाचा आणि टोकाचा, मग खालची चकाकी. भारतीय पक्ष्यांच्या पिसांचे फोटो आणि मापं ठेवणारी 'फेदर लायब्ररी' नावाची वेबसाइट २०२१ पासून आहे, मुलांना दाखवा. आजूबाजूला आणखी पिसं, रक्त, फासा दिसला तर हात न लावता वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवा. आणि नंतर साबणाने हात धुवा.

फाल्गुनात हंस गेले. आबांनीच फोन करून सांगितलं, "वैनी, गेली तुमची पाखरं." मग जरा थांबून विचारलं, "पुढल्या साली पट्टीत हरभराच टाकायचा, का त्यांच्यासाठी गहू?" सासूबाईंना विचारून सांगते, असं म्हटलंय. त्या म्हणतात, आबाला सोपं जाईल ते टाकू दे.